कार्डावरचा भाऊ

मास्तरांच्या कार्डावर फोटो छापायची कल्पना माझी. तेव्हा पुढे जे झालं त्यातला थोडा वाटा माझ्या पदरात येतोच, आणि तो मी नाकारत नाही.

माझा छापखाना लहान आहे. छपाईचं एक यंत्र, कापायचं एक, एक जुना संगणक आणि दारापाशी गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. कार्ड छापायला येणाऱ्या माणसाची एक गंमत असते. त्याला त्या चार बोटांच्या कागदात आपलं सगळं आयुष्य कोंबायचं असतं. मास्तरही तसेच आले. शिलाई मशीन दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. शिवणकाम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, पण शिंप्यांच्या संगतीत राहून 'मास्तर' हे नाव चिकटलं होतं. खिशातून त्यांनी यादी काढली : शिलाई मशीन, पंखे, मिक्सर, इस्त्र्या, कात्र्यांना धार, सुटे भाग, जुन्या मशीनची खरेदी-विक्री.

"मास्तर, हे कार्ड आहे की वाण्याची यादी?" मी म्हणालो. "सगळं येतं म्हणणाऱ्याला काहीच येत नाही असं लोक धरून चालतात. एकच गोष्ट सांगा, एकच चेहरा दाखवा. बाईच्या घरात अनोळखी माणूस यायचा, तर तो कोण हे तिला आधी कळलं पाहिजे."

"चेहरा म्हणजे?"

"तुमचं तोंड. तेच तर तुमचं भांडवल आहे, दोन्ही अर्थांनी."

ते मोठ्याने हसले. मग आम्ही कार्ड केलं : डावीकडे त्यांचा हसरा फोटो, उजवीकडे नाव, खाली 'शिलाई मशीन दुरुस्ती', आणि त्याखाली त्यांचंच वाक्य, 'फोन करा, मी स्वतः येतो.' समोरून तेलाचा हात लागला तरी डाग पडू नये म्हणून चकचकीत थर दिला, पण मागची बाजू कोरी आणि खरखरीत ठेवली, पेन चालेल अशी. तिथे मास्तर पुढच्या तेलपाण्याची तारीख लिहायचे आणि कार्ड मशीनच्या खणात ठेवून यायचे. बाईचा दोरा तुटला की ती खण उघडणार, आणि मास्तर आतून हसणार. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडून सहा वेळा कार्डं नेली. गावात शिलाई मशीन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच चेहरा यायला लागला.

पण सगळी कामं मास्तर करत नव्हते. मशीनचं डोकं उघडायचं मोठं काम निघालं की ते सोडवून घरी आणायचे, आणि ते काम करायचा त्यांचा धाकटा भाऊ. घरामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून त्याचं टेबल होतं. वर एक दिवा, समोर डब्यांत लावून ठेवलेले स्क्रू, शटल, सुईदांडे. त्याला त्या खोलीत बसवलं की जगात दुसरं काही नको असायचं. स्वभावाने घुमा. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर त्याची बायको म्हणायची, आज स्वारी फार बडबडतेय. एकाची जीभ आणि दुसऱ्याचे हात, असा तो संसार छान चालला होता.

एका सकाळी न्याहारी करताना मास्तरांच्या हातातून चमचा पडला. तो उचलायला वाकले ते वर आलेच नाहीत. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अठरा दिवस रुग्णालयात काढून घरी आणलं तेव्हा त्यांना फक्त 'ह' म्हणता येत होतं. हो म्हणायलाही 'ह', नको म्हणायलाही 'ह'.

त्यानंतर आठवड्याभरात वहिनी छापखान्यात आल्या. मास्तरांची बायको म्हणून मी त्यांना वहिनी म्हणायचो. बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "भाऊ, दोन हजार कार्डं छापा. आधीचीच. एक अक्षर बदलायचं नाही."

"पण वहिनी, फोन आला तर येणार कोण?"

"भावजी जातील."

"कार्डावर फोटो मास्तरांचा आहे."

"दोघांचं कपाळ एक, नाक एक. मिशी तेवढी नाही भावजींना. ती काय, महिन्यात येते." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, सहा-आठ महिन्यांत उठून बसतील. तोवर नाव थंड पडता कामा नये. नाव एकदा थंड झालं की पुन्हा तापत नाही. आणि उठल्यावर त्यांना कळलं की आपल्याला सगळे विसरले, तर ते परत आडवे होतील."

मी छापली.

धाकट्याने मिशी वाढवली. पहिल्या घरी गेला तेव्हा खरं सांगायचं असं तो ठरवूनच गेला होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. दार उघडणाऱ्या बाईने हातातल्या कार्डाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, म्हणाली, "या मास्तर, वाटच बघत होते." तो म्हणाला, "नाही, मी त्यांचा..." पण तोवर ती वळून आत गेली होती. मशीन समोर आलं, त्याने मान खाली घातली, आणि वाक्य तिथेच राहिलं. एकदा राहिलेलं वाक्य दुसऱ्या घरी पुरं करणं आणखी अवघड असतं. तिसऱ्या घरी त्याने सुरूही केलं नाही.

नुसता चेहरा पुरत नव्हता. लोकांना मास्तरांचं बोलणं हवं होतं. मास्तर दारातूनच म्हणायचे, "बाई, मशीन बिघडलेलं नाही, रुसलंय! कोण ओरडलं त्याच्यावर?" धाकटा मुकाट्याने झाकण उघडायचा, तर लोक विचारायचे, "मास्तर, बरं नाही का?" दोन-तीन ठिकाणांहून तशी विचारणा घरी आली, तशी वहिनींनी त्याला स्वयंपाकघरात समोर बसवला आणि नवऱ्याची वाक्यं पढवली. माझ्याकडून नेलेल्या वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर एकेक विनोद लिहून दिला. चाळिशीचा गृहस्थ, पोरासारखा पाठांतर करत बसलेला. पलंगावरून मास्तर हे सगळं बघायचे आणि 'ह' करायचे. त्याचा अर्थ कोणी विचारला नाही.

"रुसलंय म्हणे!" एकदा माझ्या दारातल्या खुर्चीवर बसून धाकटा चिडून म्हणाला. "शटलला ओरखडा पडलाय, म्हणून टाका सुटतोय. यात रुसायचं काय? पण ते वाक्य म्हटलं की लोक हसतात आणि सुटल्यासारखे होतात. ओरखडा दाखवला तर कोणी बघत नाही."

"जमायला लागलंय की तुला."

"तेच तर. परवा बायकोने रस्त्यात मागून हाक मारली, मला ऐकू आली नाही. मग दुसरं कोणी 'मास्तर' म्हणालं आणि मी गर्रकन वळलो. बायको घरी येऊन म्हणाली, मला आता तुम्हाला काय म्हणायचं ते सांगून ठेवा."

मी त्याला म्हटलं, तुझ्या नावाचं वेगळं कार्ड करू या का? दादा बरा झाला की वाटायला होईल. मी तिथल्या तिथे नमुना काढून दाखवला. आपलं नाव असं सुटं, वर कोणी नाही, खाली कोणी नाही, त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "आत्ता नको. वहिनीला वाटेल, मी दादाच्या मरणाची वाट बघतोय. काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे. दादा उठला की मी माझ्या टेबलावर."

तो दिवस मोजत होता. खरं सांगतो, एखाद्या भावाने भावाच्या बरं होण्याची इतकी वाट पाहिलेली मी पाहिली नाही. आणि त्यात किती माया होती आणि किती सुटकेची घाई, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

नवव्या महिन्यात मास्तर काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले. शब्द आले, पण एकेक करून, पाण्यातून वर काढल्यासारखे. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, गाल बसले होते, केस पांढरे झाले होते. एके दिवशी त्यांनी हट्टच धरला : "मी... येतो." धाकट्याने त्यांना स्कूटरवर मागे बसवलं, पट्ट्याने स्वतःच्या कमरेशी बांधलं आणि एका शिवणवर्गात नेलं. तिथल्या दहा मशीनचं तेलपाणी होतं. वर्गाच्या बाई नवीन गिऱ्हाईक होत्या, मास्तर आजारी पडल्यानंतरच्या. कार्ड बघून फोन केलेल्या. त्यांनी ते भिंतीवर टाचणीने लावून ठेवलं होतं.

धाकट्याला वाटलं, आज आपोआप होईल. दादा समोर उभा आहे, कार्ड भिंतीवर आहे, आता मला काही बोलावंच लागणार नाही.

बाईंनी काठी टेकत येणाऱ्या माणसाकडे पाहिलं. "मास्तर, हे कोण हो?"

धाकट्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी मास्तर बोलले. सावकाश, पण स्पष्ट.

"मी... धाकटा. ह्यांचा... भाऊ."

"अगंबाई! आजारी होतात का? बसा, बसा." बाईंनी स्टूल पुढे केलं. "नशीबवान आहात. असा थोरला भाऊ मिळायला पुण्य लागतं."

"ह," मास्तर म्हणाले.

दहा मशीन होईपर्यंत ते स्टुलावर बसून डाव्या हाताने धाकट्याला स्क्रूड्रायव्हर देत होते. लहान हवा असेल तेव्हा लहान, मोठा हवा असेल तेव्हा मोठा, मागायच्या आधी. धाकट्याच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "दादा, असं का सांगितलंस?"

मास्तर स्कूटरच्या आरशात वाकून बघत होते. "कार्डावरचा माणूस... मी आता दिसत नाही. तू... दिसतोस."

"पण मी तू नाहीये!"

"लोकांना... माहीत नाही," असं म्हणून ते वाकड्या तोंडाने हसले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. त्या हसण्यापुढे धाकट्याचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी मागच्या खोलीतलं टेबल धरलं. हिंडणं-फिरणं त्यांना झेपण्यासारखं नव्हतं, बसून डाव्या हाताने जमेल तेवढं करायचं. दिवा आपल्या सोयीने डावीकडे सरकवून घेतला, डबे उजवीकडचे डावीकडे असे उलटे लावले. धाकटा दुपारी घरी आला तर त्याच्या खुर्चीवर दादा बसलेला, भिंतीकडे तोंड करून, अगदी त्याच्यासारखा गप्प.

तो तडक माझ्याकडे आला. कधी नाही तो आवाज चढवून बोलला. "मी म्हणत होतो, दादा त्याच्या जागी गेला की मी सुटलो. तो माझ्या जागी जाऊन बसला! आता मी जाऊ कुठे? त्याला उठ म्हणू? ज्याचं अर्धं अंग गेलंय त्याला म्हणू, ती खुर्ची माझी?"

मी वहिनींकडे गेलो. म्हटलं, कार्ड बदलू, दोघांचे फोटो टाकू, दोघांची नावं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एकच गोष्ट, एकच चेहरा, असं तुम्हीच ह्यांना सांगितलं होतं ना? दोन चेहरे असले तर येणार कोण, हे बाईला कसं कळावं?" माझाच बूट माझ्याच डोक्यात. मी चहा पिऊन परत आलो.

धाकट्याने एकदा शेवटचा प्रयत्न केला. शिवणवर्गात, काम संपवून हात पुसताना, बाईंना सरळ म्हणाला, "बाई, एक खरं सांगू? मी मास्तर नाही. मास्तर म्हणजे तो, त्या दिवशी स्टुलावर बसला होता तो. मी धाकटा."

बाईंनी क्षणभर पाहिलं आणि खो-खो हसायला लागल्या. वर्गातल्या मुलींना हाक मारून म्हणाल्या, "ऐकलंत का गं? मास्तर म्हणतात, मी मास्तर नाही! अहो, तुम्ही ना, तुमच्या विनोदांना काही तोड नाही!"

मुली हसल्या. आणि मग, हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं, तोही हसला. कारण मास्तर अशा वेळी हसले असते.

त्यानंतर त्याने सोडून दिलं. सव्वादोन वर्षं तो मास्तर होता. चांगला मास्तर होता, आणि हेच वाईट होतं. फोन वाढले, मी कार्डं छापत राहिलो. माझ्या दारातल्या खुर्चीवर बसायचं त्याने बंद केलं. यायचा, गठ्ठा घ्यायचा, एखादा विनोद करायचा आणि जायचा. मी मनात म्हणायचो, बरा रुळला. त्याची बायको एकदा भाजी घेताना भेटली. म्हणाली, "बाहेर दिवसभर बोलतात ना, घरी आले की दहातलं एक वाक्यही उरत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतात. टेबल नाही, काही नाही. नुसती भिंत."

मग मास्तर गेले. दुसरा झटका, दुपारी, टेबलावरच. हातात बॉबिन होती.

आजारी असतो तो धाकटा, हे शिवणवर्गातून गावभर झालंच होतं. घरात मयत झाल्याचं कळलं आणि फोन सुरू झाले. पहिला फोन धाकट्यानेच घेतला. पलीकडून एक शिंपी म्हणाला, "मास्तर, वाईट ऐकलं हो. तुमचे धाकटे बंधू गेले म्हणे." धाकटा म्हणाला, "हो." दुसरं काय म्हणणार? दिवसभर तो आपल्याच मरणाचं सांत्वन ऐकत राहिला. फार गरीब स्वभावाचा होता हो बिचारा, असं त्याच्याविषयी त्यालाच सांगत होते.

तिसऱ्या दिवशी शिवणवर्गाच्या बाई घरी भेटायला आल्या. दार वहिनींनी उघडलं. बाईंनी त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही थोरल्या. आता तुम्हीच धीर द्यायचा. तुमच्या जाऊबाई कुठे आहेत? त्या पोरीचं काय झालं असेल!" आणि वहिनींना तशाच दारात सोडून त्या आत गेल्या, धाकट्याच्या बायकोला पोटाशी धरलं आणि रडल्या. धाकट्याची बायको लाकडासारखी उभी. नवरा जिवंत, समोर उभा, आणि ही बाई तिला तो गेल्याचं सांगतेय. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे.

वहिनी दारातच होत्या. मी अंगणात होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. गेले तीन दिवस त्या रडल्या नव्हत्या. येणारा-जाणारा त्यांना धीर देत होता तो दिरासाठी. नवरा गेल्याचं कोणी त्यांना बोललंच नव्हतं. बाईंचा हुंदका ऐकून त्या एकदम आत धावल्या.

"सोडा तिला!" त्या ओरडल्या. "तिचा नवरा हा उभा आहे! माझा गेला. माझा! मास्तर माझे होते!" आणि मग त्या ज्या रडायला लागल्या, त्या थांबेचनात. धाकट्याने पुढे होऊन त्यांना बसवलं. त्याला त्या म्हणाल्या, "भावजी, मी तुम्हाला त्यांच्या कपड्यांत घातलं आणि मलाच कळेना कोण गेलं." तो म्हणाला, "असू दे वहिनी." एवढंच. पण ते त्याच्या स्वतःच्या आवाजात होतं.

बाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि कोणाकडे न बघता निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी वहिनी छापखान्यात आल्या. या वेळी बसल्या. म्हणाल्या, भावजींच्या नावाचं कार्ड करा. मी विचारलं, फोटो? म्हणाल्या, नको म्हणाले ते. मी दोनशेच छापली, सांगून ठेवलं, लागतील तशी न्या.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं होईल. फोन निम्म्याहून खाली आले. काही जण म्हणाले, आम्हाला मास्तरच हवेत. काही म्हणाले, हा कसला माणूस, तीन वर्षं दुसऱ्याच्या नावाने घरात येत होता. एका शिंप्याने त्याला दारातून परत पाठवलं. धाकटा कोणाला समजावत बसला नाही. निम्म्या लोकांनी त्याला मास्तर म्हणणं सोडलंच नाही, आणि त्यांच्यापुढे तो अजूनही कधी कधी ते रुसण्याचं वाक्य बोलून जातो. तोंडातून निघतं, मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं. टेबल मात्र त्याला परत मिळालं. डबे उलटेच ठेवलेत त्याने, मास्तरांनी लावले होते तसे. मी विचारलं तर म्हणाला, "सवय झाली." खरं कारण दुसरं असेल, पण मी खोदलं नाही.

चार महिन्यांनी शिवणवर्गाच्या बाईंचा फोन आला. तीन मशीन टाका सोडत होती, दुसऱ्या कोणाला कारण सापडत नव्हतं. तो गेला. भिंतीवरचं कार्ड काढलेलं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या, आत या असं लगेच म्हणाल्या नाहीत.

"तुम्हाला काय म्हणायचं, ते आधी सांगा," त्या म्हणाल्या.

त्याने नाव सांगितलं. त्यांनी ते म्हणून पाहिलं, पहिल्या खेपेला चुकीचं. त्याने दुरुस्त केलं. मग त्या बाजूला झाल्या, आणि तो आत जाऊन पहिल्या मशीनचं झाकण उघडायला लागला.